डॉक्टर कोणी व्हावे?

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या शनिवारी आपण औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला शिकलो. धडा संपला. पाट्या आवरून झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजी उभ्या राहिल्या. या आजींनी वीस वर्षे ऊसतोड केली आहे. त्या फारशा बोलत नाहीत. पण त्या दिवशी बोलल्या.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या नातीला डॉक्टर व्हायचंय. तिला मार्क कमी पडले. लोक म्हणतात, पोरीची लायकी नाही. मग मला एक सांगा. माझी लेक अठ्ठावीस वर्षांची होती. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरानं तिची पिशवीच काढली. त्या डॉक्टराला काय मार्क कमी होते का?"

वर्गात कोणी बोलेना. मलाही उत्तर सुचले नाही. मी म्हणालो, "आजी, पुढच्या शनिवारी सांगतो." आठ दिवस मी त्यावर विचार केला. जुनी पुस्तके काढली. आज जे सांगणार आहे ते आजींना सांगतो आहे. बाकीच्यांनीही ऐकावे.

आधी डॉक्टर कसे होतात ते पाहू. मुलाने बारावी विज्ञान शाखेतून व्हायचे. मग नीट नावाची परीक्षा द्यायची. ही साऱ्या देशाची एकच परीक्षा आहे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असे तीन विषय. १८० प्रश्न. बरोबर उत्तराला चार मार्क. चुकले तर एक मार्क कापतात. एकूण मार्क ७२०. पेपर मराठीतही मिळतो. २०२४ साली या परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुले बसली. आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात मिळून एक लाखाहून थोड्याच अधिक. म्हणजे वीस-बावीस मुले रांगेत उभी आणि आत जाणार एक. त्यातही सरकारी कॉलेजची फी परवडते. खाजगी कॉलेजची फी ऐकली तर आपल्याला शेत विकावे लागेल, आणि तेही पुरायचे नाही.

आता रांग एवढी मोठी असेल तर काही तरी माप लागणारच. बाजारात ज्वारी मोजायला पायली लागते, तसे. मार्क हे असे माप आहे. मी मार्काला नावे ठेवणार नाही. नातेवाइकाच्या चिठ्ठीवर किंवा पैशाच्या थैलीवर डॉक्टर निवडले, तर ते मार्कांपेक्षा वाईट. पूर्वी तसे झालेलेही आहे. खाजगी कॉलेजे फीशिवाय वर मोठी देणगी घेत. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली.

पण पायलीने ज्वारी किती ते कळते. ज्वारीला कीड आहे का, ते पायली सांगत नाही.

आजींनी विचारले ते हेच. २०१९ साली सरकारने एक समिती नेमली. त्या वेळी आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली निघाली. हिशेब करा. शंभर बायकांमागे जवळजवळ सतरा. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत. कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात. फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावर जायला लागले तरी मोळ्या उचलायच्या. मग कोणी सांगते, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. कोणी भीती घालते, कॅन्सर होईल. काही बायांना खरोखरच ऑपरेशनची गरज असेल. सगळ्याच डॉक्टरांना एका दावणीला बांधू नये. पण गरज नसताना ज्यांनी कापले, तेही कधी तरी रांगेत उभे राहून, निवड होऊनच आत गेले होते. तेव्हा आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की त्या डॉक्टराला मार्क कमी नव्हते. कमी होते ते दुसरेच काही, आणि ते मोजायला आपल्याकडे परीक्षा नाही.

आता दुसरी गोष्ट. ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाही नव्हता, अशी माणसे डॉक्टर झाली आहेत का? झाली आहेत. आणि ती आपल्याच मराठी मुलखातली. दोघींची गोष्ट सांगतो.

पहिलीचे नाव आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याणला जन्मली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव. तो पोस्टात कारकून होता, बिजवर होता आणि वयाने वीस वर्षांनी मोठा. या माणसाला एकच वेड. बायकोला शिकवायचे. शेजारच्या घरी बायको स्वयंपाक करत नाही म्हणून नवरा मारी. इथे उलटे. अभ्यास सोडून चुलीपाशी बसली म्हणून गोपाळराव मारी. हे चांगले होते असे मी म्हणत नाही. पोरीने फार सोसले. पण झाले ते असे झाले.

चौदाव्या वर्षी तिला मूल झाले. दहा दिवसांत गेले. बाळंतपणात बाईला बघायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरापुढे बाया जात नाहीत, हे तिने स्वतः पाहिले. तिच्या मनाने घेतले, आपण डॉक्टर व्हायचे.

होणार कसे? त्या काळी आपल्याकडे बाईला त्या वाटेने जाणे जवळजवळ अशक्य. गोपाळरावाने अमेरिकेतल्या एका पाद्र्याला पत्र लिहिले. पाद्री म्हणाला, आधी ख्रिस्ती व्हा. तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापून आला. कार्पेंटर नावाच्या एका बाईने तो वाचला. कुठे वाचला माहीत आहे? दाताच्या डॉक्टराकडे नंबर लावून बसली होती, तिथे. तिने आपणहून आनंदीला पत्र लिहिले. पुढे दोघींचे मावशी-भाचीचे नाते जुळले. कधी कधी माणसाचे नशीब असे कुठल्या तरी बाकावर पडलेल्या जुन्या मासिकात असते.

निघण्याआधी लोकांनी फार बोल लावले. तेव्हा गोपाळरावाची बदली कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला होती. १८८३ च्या फेब्रुवारीत तिथे आनंदीने भर सभेत भाषण केले. मी अमेरिकेला का जाते, हे सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असेही सांगितले. अठरा वर्षांची पोर. एप्रिलमध्ये ती आगबोटीत बसली. बरोबर ना नवरा, ना भाऊ. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली.

फिलाडेल्फिया शहरात बायकांचे मेडिकल कॉलेज होते. तिने तिथे अर्ज लिहिला. हा अर्ज मला फार आवडतो. तिच्याकडे दाखवायला मॅट्रिकचा दाखला नव्हता. तिने खोटे काही लिहिले नाही. आपण काय काय शिकलो ते सांगितले आणि काय येत नाही तेही सांगितले. पुढे तिने जे मांडले ते माझ्या शब्दांत असे, की सगळ्यांचा विरोध सोसून मी एवढी लांब आले, तो निश्चयही तुम्ही हिशेबात धरा. कॉलेजच्या मुख्य बाईंचे नाव रेचल बॉडली. त्यांनी तो धरला. आनंदीला प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

आता मला सांगा, हा प्रवेश लायकीने झाला की दयेने? आजच्या मापाने तिला दारातूनच परत पाठवले असते. पण आत घेतल्यावर कोणी तिला परीक्षेत सूट दिली नाही. थंडीत कुडकुडत, शाकाहारी अन्नावर, लुगडे नेसून तिने तीन वर्षे अभ्यास केला. ११ मार्च १८८६ ला ती पास होऊन डॉक्टर झाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. आत येताना दार थोडे रुंद केले होते, बाहेर पडतानाचे दार सगळ्यांना सारखेच होते. एवढे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डावर तिची नेमणूक झाली. पण अमेरिकेतच तिला क्षय जडला होता. आली ती आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकाही रोग्याला कोल्हापुरात ती तपासू शकली नाही. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्यांनी ती आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली. आजही अमेरिकेत तिच्या नावाचा दगड आहे.

दुसरी रखमाबाई. ही मुंबईची, सुतार समाजातली. हिला शिकवले ते सावत्र बापाने, डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी, आणि पुस्तकांनी. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले होते. मोठी झाल्यावर ती नवऱ्याकडे जाईना. नवऱ्याने १८८४ साली कोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्ट म्हणाले, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन. सगळ्या देशात गाजले ते प्रकरण. शेवटी १८८८ साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा मिटवला. कोर्टकचेरीत तिची उमेदीची वर्षे गेली. पुढच्याच वर्षी ती लंडनला गेली. वय पंचवीस. १८९४ साली डॉक्टर झाली. परत येऊन सुरतेला आणि मग राजकोटला तिने पस्तीस वर्षांच्या आसपास बायकांची सेवा केली. १९५५ साली वारली.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ.

१९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हा बीडच्या पोराला डॉक्टर व्हायचे तर हैदराबादला जावे लागे. तिथे उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीचे शिक्षणसुद्धा उर्दूतून होते. घरी मराठी, आणि शरीराची हाडे शिकायची उर्दूत! देशी भाषेतून डॉक्टरकी शिकवता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवले, ही गोष्ट मानलीच पाहिजे. पण खेड्यातल्या मराठी पोराला त्याचा काय फायदा? मुक्तीनंतर उर्दू गेली, इंग्रजी आली. पोरगा पुन्हा दाराबाहेरच.

१९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी मेडिकल कॉलेज निघाले. मराठवाड्यातले ते पहिले. नंतर आपल्या अंबाजोगाईचे. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी. तुमच्यापैकी पुष्कळांना एक गोष्ट ठाऊक नसेल. लढ्यात पडण्याआधी ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे आमच्याच धंद्यातले! खेड्यातल्या रोग्यासाठी खेड्यातच कॉलेज काढायचे, या हेतूने ते निघाले. तुमच्यातल्या कित्येकांची बाळंतपणे त्या दवाखान्यात झाली आहेत.

पुढे एक भांडण सुरू झाले. त्याला सत्तर-तीसचे भांडण म्हणत. राज्याचे तीन भाग धरले होते. मराठवाडा, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. प्रत्येक भागातल्या कॉलेजात राज्याच्या वाट्याच्या शंभर जागांपैकी सत्तर जागा त्याच भागातल्या मुलांना. तीस जागा साऱ्या राज्याला खुल्या. ऐकायला न्याय वाटतो. पण असे समजा, की तीन शेतांत तीन विहिरी आहेत आणि प्रत्येक विहिरीचे सत्तर घागरी पाणी त्याच शेताला. ज्याची विहीर मोठी त्याचे भागते. आपली विहीर लहान. आपल्याकडे कॉलेजे थोडी आणि लातूर-नांदेडला शिकवण्या घेऊन जास्त मार्क मिळवणारी मुले पुष्कळ. मग आपल्या मुलाला जास्त मार्क असून जागा नाही, आणि दुसऱ्या भागातल्या मुलाला कमी मार्कांवर तिकडे जागा, असे होऊ लागले. आपल्या लोकांनी आंदोलने केली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही पद्धत रद्द केली.

तेव्हा मीही पेढा खाल्ला. पण नंतर मनात आले, आपण माणसे सोयीने बोलतो. सत्तर-तीसच्या वेळी आपण म्हणालो, मार्क बघा, भाग बघू नका. आणि निधी मागताना, पाणी मागताना म्हणतो, आमचा भाग मागास आहे, ते बघा. दोन्ही बोलणी खरी असू शकतात. पण बोलताना दोन्ही आठवली पाहिजेत.

राखीव जागांबद्दलही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यात या विषयावर अलीकडे मने फार कडू झाली आहेत. एकाच बांधावरचे शेजारी बोलेनासे झाले. म्हणून मी कोणाची बाजू घेत नाही. फक्त एक जुनी हकिगत सांगतो. मद्रास राज्यात कॉलेजच्या जागा जातवार वाटून दिल्या होत्या. त्याविरुद्ध चंपकम् दोराईराजन या बाई कोर्टात गेल्या. त्यांचे म्हणणे मेडिकलच्याच प्रवेशाबद्दल होते. १९५१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द केली. गंमत म्हणजे बाईंनी कॉलेजात अर्जच केलेला नव्हता! दोनच महिन्यांनी संसदेने घटना दुरुस्त केली आणि मागासांसाठी खास तरतूद करता येईल असे कलम घातले. म्हणजे आपल्या घटनेची पहिली दुरुस्ती होण्यामागे डॉक्टरकीच्या जागांचे भांडण होते. ते आजही मिटलेले नाही. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की परीक्षेच्या मार्कांत घरची परिस्थिती, शाळा, शिकवणी हे सगळे मिसळलेले असते. नुसते मार्क म्हणजे लायकी नव्हे.

ही गोष्ट मला कोर्टाने सांगायला नको होती. मी छत्तीस वर्षे मार्क दिले. दिवाळी झाली की वर्गातली निम्मी पोरे आईबापांबरोबर कारखान्याला जात. येत ती उन्हाळ्यात. मग त्यांचा आणि सावकाराच्या पोराचा पेपर मी एकाच लाल पेन्सिलीने तपासी. एकदा एका मुलीच्या बापाला मी म्हणालो, "हिला विज्ञानाला घालू नका. गणित कच्चे आहे." तो बिचारा माझे ऐकून गेला. त्या वर्षी ती मुलगी पाच महिने फडावर भावंडे सांभाळत होती. हजेरीपुस्तक माझ्या टेबलावरच होते. मी ते उघडून पाहिले नाही.

तामिळनाडूने २०२० साली एक कायदा केला. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा. त्यांनीही नीट द्यायचीच, पण त्यांची रांग वेगळी. मला हे बरे वाटते. दार थोडे रुंद आणि आतली परीक्षा तीच.

आपल्या राज्यातही एका कॉलेजाने वेगळी वाट काढली होती. वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. गांधीजींचा आश्रम तिथेच. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉक्टर सुशीला नय्यर यांनी तिथे मेडिकल कॉलेज काढले. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असे, आणि तिच्यात गांधीविचारांचा एक पेपर असे. लोक हसत. गांधीजी वाचून ताप उतरतो का, म्हणत. पण बाईंचे म्हणणे असे, की खेड्यातल्या माणसाला बघणारा डॉक्टर हवा, तर त्याची तयारी आधीच नको का बघायला? प्रवेश मिळाला की पोरांनी पंधरा दिवस आश्रमात राहायचे. झाडायचे, सूत कातायचे. मग एका गावातली काही घरे प्रत्येकाने आपली म्हणून धरायची आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवायचे. देशभर नीट आली आणि तो पेपर गेला. आश्रमातले दिवस आणि गावची घरे मात्र राहिली. पाठांतर करून गांधीविचारांत मार्क मिळवणारी पोरेही असतीलच. माणूस कुठल्याही परीक्षेला चकवतो.

नीटलाही चकवले ना! २०२४ साली हजारीबाग आणि पाटण्याला पेपर फुटला. पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मार्क होते. भांडण कोर्टात गेले, मार्क दुरुस्त झाले, तेव्हा १७ उरले. परीक्षा साऱ्या देशात रद्द करण्याइतका घोटाळा नाही, असे न्यायालयाने ठरवले. पण ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता, त्या लेकरांच्या मनाला काय वाटले असेल?

आजी, आता तुमच्या नातीचे. तिला मार्क कमी पडले, हे खरे. रांग मोठी आहे, हेही खरे. पण लायकी नाही, हे खोटे. पुन्हा बसता येते. या परीक्षेला वयाची वरची अट सध्या नाही. तिने बारावीला जीवशास्त्र घेतले होते, म्हणून तिची अडचण नाही. पण तुमच्या धाकट्या नातवाने गणित घेतले आहे आणि आता त्यालाही डॉक्टर व्हावेसे वाटते, असे तुम्ही म्हणालात. पूर्वी अशा मुलाला दार बंद होते. २०२३ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या वैद्यकीय आयोगाने नियम बदलला. बारावीनंतर जीवशास्त्र हा विषय वेगळा देऊन पास झाले तरी नीटला बसता येते. हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आणि ती नर्स झाली, दवाखान्यात तपासणीच्या कामाला लागली, तरी तिला कोणी कमी म्हणू नये. मी जिच्या बापाला विज्ञान नको म्हणालो, ती मुलगी पुढे नर्स झाली. गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी आजारपण होते. रात्री अकरा वाजता सलाईन लावायला तीच आली. मी पैसे पुढे केले. म्हणाली, "गुरुजी, राहू द्या." मला वर बघवले नाही.

सोमवारी आपण प्रवेशाचा अर्ज वाचणार आहोत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला हे शब्द फळ्यावर लिहू. ज्यांच्याकडे ते कागद असतील त्यांनी बरोबर आणावेत. आजी, तुम्ही चष्मा विसरू नका, आणि नातीलाही घेऊन या. अर्ज तुम्ही वाचायचा, तिने ऐकायचा.